चमच्याची फिरकी

वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यातच होतं. वेगळा जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला. त्याच्या कितीतरी आधी, रिसोड तालुक्यात पैनगंगेकाठच्या आमच्या भोईवाड्यात आबांनी पितळी चमच्याची फिरकी केली. जाळ्यावर जगणाऱ्यांना गळ म्हणजे पोरखेळ. पण मरळ डोहात गवताआड दबा धरून बसते, तिथं जाळं चालत नाही.

चमच्याला मासा भुलतो हा शोध आबांचा नव्हे. अमेरिकेत ज्युलिओ ब्यूएलनं १८५२ साली अशा चमच्याचं पेटंट घेतलं. त्याचा चमचा तळ्यात पडला नि माशानं झडप घातली, अशी दंतकथा आहे. हेन्री सलिव्हन थॉमस या साहेबानं १८७३ मध्ये ‘द रॉड इन इंडिया’ लिहिलं. हे मी पुढं वाचलं. आबांनी कोण्या साहेबाच्या दोरीला लखलखतं पातं पाहिलं होतं, तेवढंच.

पहिली फिरकी फसली. चमच्याची वाटी कापून तिलाच गळ आवळून बांधला, तर अख्खं धूड फिरे आणि दोरीला पीळ पडे. मग सायकलच्या स्पोकचे दोन तुकडे घेतले, टोकं वाकवून एकमेकांत अडकवले. पुढच्या तुकड्यावर बारीक कडीत पातं, त्याच्यामागं काळा मणी, म्हणजे पातं अडकत नाही. पात्यापुढं खाली लोंबता शिशाचा गोळा, म्हणजे तार फिरत नाही. मागच्या तुकड्याला गळ आणि बकरीच्या केसांचा झुबका. मणी आजीच्या पोतीतला. “पोत तुटली नोती, तोडली यायनं,” असं ती शेवटपर्यंत म्हणे.

खरी करामत त्या जोडात. तार एकसंध असली की मरळ मान झटकून तिच्याच जोरावर गळ उपसते. जोड असला की मागचा भाग तिच्यासंगं वळतो.

पावसाळ्यात मरळीची तांबूस पिल्लं पाण्यावर घोळक्यानं फिरतात, खाली आईबाप राखण करतात. “तिले भूक नसते रे, राग येते,” आबा म्हणत. एका श्रावणात त्यांनी एकाच घोळक्याखालून दोन्ही मरळी काढल्या. सांजेला दुसरे मासे पिल्लांत घुसले. आबा काठावर बसून बघत राहिले. नंतर फिरकी आढ्याला खोचली. ती दिवाळीनंतरच निघायची.

त्या मरळींच्या पैशातच माझी वह्या-पुस्तकं आली होती. आबा कधी बोलले नाहीत. आजीनं सांगितलं, मण्याचा हिशेब मांडताना.