स्वमग्नतेची प्रारंभिक लक्षणे

स्वमग्नता किंवा ऑटिझम ही मेंदूच्या विकासाशी निगडित अवस्था आहे. तीत सामाजिक संवाद साधण्यात अडचणी येतात आणि वर्तनात व आवडीनिवडींत पुनरावृत्ती आढळते. बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ११ मुलांच्या निरीक्षणांवरून तिचे वर्णन केले. तिच्या खुणा अनेकदा पहिल्या दोन वर्षांतच दिसू लागतात. मूल काय वेगळे करते यापेक्षा त्या वयात अपेक्षित असलेले काय करत नाही, यावरून त्या लवकर ओळखता येतात. त्यामुळे शांत मुलांत त्या सहज नजरेआड होतात.

वयानुसार खुणा

* ९ महिन्यांपर्यंत : हसण्याला हसून प्रतिसाद न देणे, नजरेला नजर क्वचितच देणे.
* १२ महिने : नावाने हाक मारल्यावर न वळणे, टाटा करणे यांसारखे हावभाव नसणे.
* १८ महिने : बोटाने न दाखवणे, खोटा-खोटा खेळ न खेळणे.
* २४ महिने : दोन शब्दांचे स्वतःचे वाक्य न बोलणे, केवळ ऐकलेले शब्द जसेच्या तसे उच्चारणे.
* कोणतेही वय : आलेली भाषा किंवा सामाजिक कौशल्ये नाहीशी होणे.

हात फडफडवणे, खेळण्यातील गाडीची चाकेच फिरवत राहणे, वस्तू रांगेत लावणे, कुकरच्या शिट्टीने अस्वस्थ होणे ही लक्षणेही आढळतात. मात्र कोणत्याही एका लक्षणावरून निदान होत नाही.

संयुक्त अवधान

बिस्कीट हवे म्हणून बोट दाखवणे आणि आकाशातील विमान आईने पाहावे म्हणून बोट दाखवून तिच्या चेहऱ्याकडे वळणे, यांत मूलभूत फरक आहे. दुसऱ्या कृतीत आनंद वाटून घेण्याची इच्छा असते. तिला संयुक्त अवधान म्हणतात. तिचा अभाव ही स्वमग्नतेची महत्त्वाची खूण होय. केवळ बोलणे लांबलेले मूल सहसा हावभावांनी आपले म्हणणे पोहोचवते. स्वमग्न मुलात हावभावही कमी असतात.

तपासणी

हाकेला प्रतिसाद न देण्यामागे बहिरेपणही असू शकते, म्हणून श्रवणचाचणी आवश्यक ठरते. १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी ‘एम-चॅट-आर’ ही पालकांनी भरावयाची २० प्रश्नांची प्रश्नावली वापरतात. ती केवळ प्राथमिक चाळणी आहे. निदान प्रशिक्षित तज्ज्ञ करतात. भारतात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांतर्गत जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रांत पुढील तपासणी होते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये स्वमग्नतेचा समावेश आहे.

गैरसमज

‘मुलगे उशिराच बोलतात’ या समजुतीमुळे तपासणी लांबते. मुलींमधील खुणा तर अनेकदा ओळखल्याच जात नाहीत. आईच्या मायेच्या अभावाने स्वमग्नता येते, हे मत निराधार ठरले आहे. लसीकरणाशी तिचा संबंध सुचवणारा १९९८ चा शोधनिबंध ‘द लॅन्सेट’ने २०१० मध्ये मागे घेतला. शंका आल्यास वाट न पाहता तपासणी करणे हिताचे असते. वाचा व वर्तनविषयक साहाय्य निश्चित निदानापूर्वीही सुरू करता येते.