एका छपराखाली चार पंगती : सिरोंचातून पाहिलेलं आरोग्य खातं

आजचा भाग थोडा घरचा आहे, ते आधीच सांगून टाकतो. माझी आई सिरोंचा तालुक्यातल्या एका आरोग्य उपकेंद्रात अंशकालीन स्त्री परिचर होती. आमच्या घरी तेलुगू बोलतात, म्हणून मी तिला अम्मा म्हणतो. आज तिच्या निमित्ताने आरोग्य खात्याचा इतिहास सांगायचाय. खात्याने गावासाठी काय केलं हा तो इतिहास नाही. खात्यातली माणसं एकमेकांशी कशी वागली, त्याचा आहे.

हे पद अनेकांना माहीत नसेल. उपकेंद्रात नर्सबाई असतात. त्यांच्या मदतीला जी बाई असते ती ही. झाडलोट तिने करायची, पाणी तिने भरायचं, लसीकरणाच्या दिवशी घरोघरी हाका मारत फिरायचं, बाळंतपणात हात द्यायचा. कागदावर काम अर्धवेळ, म्हणून पगार नाही, मानधन. आता बाळंतपण काही अर्धवेळ बघून येत नाही. रात्री दोनला दार वाजलं की अम्मा निघायची.

महिन्याची सभा प्राथमिक आरोग्य केंद्रात व्हायची. डॉक्टर, आरोग्य सहायक, नर्सबाई, आरोग्यसेवक खुर्च्यांवर. अम्मा दाराशी उभी, मधूनच चहा आणायला आत. पण बाहेरून बदलून आलेल्या डॉक्टरांपुढे एखादी म्हातारी बसून ‘कडुपु नोप्पि’ म्हणाली, की सगळ्यांच्या माना अम्माकडे वळायच्या. पोट दुखतंय, किती दिवसांपासून, काय खाल्लं, हे सगळं अम्मा विचारणार आणि मराठीत सांगणार. माडिया बाई आली तर गोंडीतून. तपासणीचा निम्मा भाग तिच्या तोंडून व्हायचा, पण रजिस्टरात तिचं नाव कुठेच नाही. दुभाषा असं पदच नव्हतं ना!

हे असं का? डॉक्टर वाईट होते म्हणून? तसं मला वाटत नाही. त्यासाठी जरा मागे जावं लागेल.

सिरोंचा आज जिल्ह्याचं शेवटचं टोक आहे. गडचिरोली इथून दोनशेहून जास्त किलोमीटर. पण हे गाव एके काळी स्वतःच जिल्ह्याचं ठिकाण होतं. १८६० मध्ये निजामाकडून हा मुलूख इंग्रजांकडे आला आणि ‘अप्पर गोदावरी’ नावाचा जिल्हा झाला. कचेरी सिरोंचाला. १८७४ मध्ये तो जिल्हा मोडला आणि सिरोंचा चांद्याला जोडलं. पुढे २६ ऑगस्ट १९८२ ला गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. साहेब लोक ज्या गावात बसायचे, तिथली नेमणूक ‘शिक्षेची बदली’ म्हणून ओळखली जाऊ लागली. जिथे येणं हीच शिक्षा समजतात, तिथल्या माणसाकडून काही शिकायचंय असं येणाऱ्याला कशाला वाटेल?

आता खात्याची रचना बघा. १ मे १९६२ ला महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आल्या आणि प्राथमिक आरोग्य केंद्रं त्यांच्याकडे गेली. डॉक्टर राज्य सरकारचे, नर्सबाई आणि आरोग्यसेवक जिल्हा परिषदेचे. २ ऑक्टोबर १९७७ ला केंद्र सरकारने दर हजार वस्तीमागे गावातलाच एक आरोग्य रक्षक नेमायची योजना आणली. महिना ५० रुपये मानधन. त्यात बहुतेक पुरुषच निवडले गेले, आणि २००२ मध्ये केंद्राने त्या योजनेचा पैसा बंद केला. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं. त्यातून कंत्राटी कर्मचारी आले आणि आशा आल्या. आशा म्हणजे ‘स्वयंसेविका’, कामागणिक मोबदला.

म्हणजे एका छपराखाली चार पंगती. कायम नोकरीवाले पहिल्या पंगतीत, मग कंत्राटी, मग मानधनवाले, आणि शेवटी कामागणिक पैसे घेणाऱ्या. आणि गंमत अशी, की पेशंटच्या घराच्या जितकं जवळ जावं तितकी पंगत शेवटची.

एक उदाहरण देतो. ६ ऑगस्ट २००२ च्या शासन निर्णयाने आदिवासी आणि नक्षलग्रस्त भागातल्या कर्मचाऱ्यांना ‘एकस्तर’ लाभ मिळाला, म्हणजे वरच्या पदाची वेतनश्रेणी. अवघड भागात काम करतात, मिळायलाच हवा. पण अम्माला वेतनश्रेणीच नाही, तर एक पायरी वर कुठून चढणार? नाला तोच, पाऊस तोच, रात्र तीच. नर्सबाई आणि अम्मा एकाच वेळी तो नाला ओलांडायच्या. अवघडपणा मात्र एकीचाच मोजला गेला. यात कोणी मुद्दाम अन्याय केला नाही. नियम लिहिताना ती कोणाच्या डोळ्यांसमोरच नव्हती.

याला दुसरी वाट नव्हती का? होती, आणि महाराष्ट्रातच होती. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू केलं. गावोगावच्या बायका आरोग्यसेविका म्हणून निवडल्या, त्यात बऱ्याच दलित, बऱ्याच निरक्षर. त्या शिकायला जामखेडला यायच्या तेव्हा पहिली अडचण औषधांची नव्हतीच. एकत्र जेवायचं कसं, ही होती. आरोळ्यांनी ती टाळली नाही. एकत्र राहणं, एकत्र जेवणं हा शिकण्याचाच भाग केला. ज्यांना आपसात पंगत जमत नाही, त्या गावातली शिवाशिव कशी मोडणार?

दुसरं उदाहरण आमच्याच जिल्ह्यातलं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांची ‘सर्च’ संस्था. आदिवासी दवाखान्यात का येत नाहीत, हे त्यांनी लोकांनाच विचारलं. पांढऱ्या कपड्यांची भीती वाटते, पेशंटजवळ घरच्यांना राहू देत नाहीत, अशी उत्तरं मिळाली. मग शोधग्रामचा दवाखाना झोपड्यांच्या गावासारखा बांधला आणि नाव दिलं माँ दंतेश्वरी. पण माझ्या आजच्या विषयासाठी त्यांचं दुसरं काम मोठं आहे. १९९५ पासून ३९ गावांत थोडं शिकलेल्या गावच्याच बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं. जंतुसंसर्ग झाला तर इंजेक्शन द्यायलासुद्धा. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापून आले. त्या गावांत नवजात मृत्यूचं प्रमाण ६२ टक्क्यांनी उतरलं होतं. इंजेक्शन म्हणजे डॉक्टरचं काम, ही समजूत तिथे मोडली. बरोबरीची वागणूक म्हणजे नुसतं गोड बोलणं नाही. माणसाच्या हातात खरं काम देणं आणि त्याच्यावर विश्वास ठेवणं, हे त्यात आलं.

आता परत अम्माकडे. एक वर्ष आमच्या केंद्रात एक तरुण डॉक्टर आले. पहिल्याच सभेत खुर्च्या बाजूला करून सतरंजी अंथरली. सगळे खाली, गोल बसले. अम्माला म्हणाले, “अक्का, आधी तुम्ही बोला. तेलुगूत बोला, मला कोणीतरी सांगेल.” अम्मा आधी काही बोललीच नाही. दुसऱ्या महिन्यात बोलली. नदीकाठच्या एका टोल्यावरच्या बायका लसीकरणाला का येत नाहीत, ते तिने सांगितलं. आपण जातो त्या दिवशी त्यांचा बाजार असतो. इतकंच! वार बदलला, बायका यायला लागल्या. हे तिला आधीपासून माहीत होतं. कोणी विचारलं नव्हतं.

दीड वर्षाने डॉक्टरांची बदली झाली. पुढच्या सभेला खुर्च्या परत आल्या. अम्मा परत दाराशी.

मी ही गोष्ट बरीच वर्षं चांगल्या डॉक्टरची गोष्ट म्हणून सांगायचो. आता तशी सांगत नाही. माणसाच्या चांगुलपणावर टेकलेली समता त्याच्या बदलीबरोबर गाडीत बसून निघून जाते. ती नियमात उतरावी लागते. पगारात, भरतीत, भाषेत आणि सभेच्या इतिवृत्तात.

तसे प्रयत्न झालेत. ९ जून २०१४ ला राज्यपालांनी अधिसूचना काढून अनुसूचित क्षेत्रातली काही पदं स्थानिक आदिवासी उमेदवारांसाठी ठेवली. सिरोंचा तालुका त्या क्षेत्रात येतो. यादीत नर्सबाई होत्या, बहुउद्देशीय आरोग्य कर्मचारी होते. यावरून जिल्ह्यात बिगर आदिवासींमध्ये नाराजीही झाली, आणि ती समजून घ्यायला हवी, कारण इथली गरिबी एकाच समाजाची नाही. पण पेशंटची भाषा येणारं माणूस दाराशी नको, टेबलाशी हवं, हे त्यातून सरकारी कागदावर आलं. डॉक्टर मात्र त्या यादीत नव्हता.

दुसरा प्रयत्न बायकांनी स्वतः केला. जून २०२१ मध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर, राज्यातल्या सुमारे ७० हजार आशा संपावर गेल्या. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा गौरव केला. जगाने टाळ्या वाजवल्या, पण जानेवारी २०२४ मध्ये राज्यातल्या आशांना मानधनासाठी पुन्हा संपावर बसावं लागलं. तेव्हा कुठे मार्चमध्ये ५ हजारांची वाढ मंजूर झाली. ‘स्वयंसेविका’ हा शब्द तेवढा तसाच राहिला.

परवा अम्माला विचारलं, “त्या सभांमध्ये तुला खुर्ची मिळाली असती तर?” ती म्हणाली, “खुर्चीचं काय रे, उभं राहायची सवय होती. पण त्या वहीत माझं नाव लिहायला पाहिजे होतं. मी पण होते ना तिथं.”

तुमच्या ओळखीत कोणी आरोग्य खात्यात असेल, तर त्यांना एवढंच विचारा : तुमच्या मागच्या सभेत कोण उभं होतं, आणि इतिवृत्तात त्यांचं नाव आहे का? भेटू पुढच्या भागात. नमस्कार.