जनकोजी शिंद्यांचे काय झाले?

पानिपत शिकवताना वर्ग गप्प होतो. विश्वासरावांना गोळी लागते, भाऊसाहेब गर्दीत दिसेनासे होतात आणि तास संपत आला की मागच्या बाकावरून दरसाल एखादा पोरगा विचारतो, "गुरुजी, आणि जनकोजी?" साहजिकच आहे. जनकोजी त्याच्याच वयाचा!

कण्हेरखेडच्या शिंद्यांचा हा पोर. बाप जयाप्पा १७५५ साली नागोरला दग्याने मारला गेला आणि कोवळ्या वयात सरदारी अंगावर आली. दत्ताजी काकाने सांभाळले, तर १० जानेवारी १७६० रोजी बुराडीच्या घाटावर काकाही पडला. त्याच दिवशी जनकोजीच्या दंडाला गोळी लागली. वर्षभराने, १४ जानेवारी १७६१ रोजी, पानिपतावर तो होळकरांच्या शेजारी उभा होता. त्या संध्याकाळपासून मराठ्यांपैकी कोणाच्या दृष्टीस तो पडला नाही. म्हणजे, एकाच्या पडला.

तो एक म्हणजे काशीराज पंडित. दक्षिणी ब्राह्मण, पण चाकरी शुजाउद्दौल्याची. म्हणजे शत्रूच्या गोटातला. बर्खुरदारखानाच्या दिवाणाने, मोतीलालने, त्याला गुपचूप तंबूत नेले. आत जनकोजी बसला होता. गोळीची आणि भाल्याची जखम, हात गळ्यातल्या झोळीत, मान खाली. काशीराजाने त्याच्या शौर्याचे चार शब्द बोलल्यावर त्याने मान वर केली. रणात मेलो असतो तर बरे होते, अशा अर्थाचे तो बोलला. सुटकेची किंमत सात लाख ठरत होती. शिंद्यांच्या घराला सात लाख जड नव्हते, पण त्या उजाड मैदानात पैसा आणणार कोठून?

काशीराजाला तो विशीचा वाटला. जन्म १७४५ चा धरला, तर पोर सोळाचे होते. मला यात विसंगती दिसत नाही. उपास, जखमा आणि दोन वर्षांची लढाई सोळाव्या वर्षीही चेहऱ्यावर वय चढवते.

पुढचे थोडक्यात. सौद्याची कुणकुण नजीबखानाला लागली. शुक्रतालला दत्ताजीने त्याला कोंडले होते, तेव्हा शिंद्यांवर त्याचा दात होताच. गोष्ट अब्दालीपर्यंत गेली. खानाने कानांवर हात ठेवले. पण तंबूंची झडती होणार म्हणताच त्याने कैद्याला मारून पुरून टाकले, असे काशीराज लिहितो. लिहितो ते १७८० साली, फारसीत, एकोणीस वर्षांनी. जिवंत जनकोजी त्याने डोळ्यांनी पाहिला. मेलेला मात्र पाहिला असे तो म्हणत नाही.

वाचकहो, येथेच माझी लेखणी अडते. विश्वासरावांचा देह साऱ्यांनी पाहिला. अफगाणांनी तो पेंढा भरून काबूलला न्यायचा हट्ट धरला होता, शुजाने मध्ये पडून त्याला अग्नी देवविला. भाऊसाहेबांचे शिराविना धड खुणा पटवून जाळले. तरीही भाऊसाहेबांचा तोतया निघाला, त्याने मुलूख काबीज केला, आणि १७७६ साली पुण्यात त्याला देहान्त द्यावा लागला! मग ज्याचे ना प्रेत, ना चिता, त्याच्या घरी काय चालले असेल?

सरदारीचा वारस कोण, हा घोळ शिंद्यांच्या घरात कित्येक वर्षे चालला. तो १७६८ साली मिटला, महादजी पुढे आले तेव्हा. त्या पळापळीत राणेखान भिस्त्याने महादजींना बैलावर घालून वाचविले होते. पायाने अधू झालेला काका परतला, पुतण्या नाही.

काशीराजाची बखर मी नेहमी त्या तंबूपाशीच थांबवतो. मुले विचारतात, "खड्डा कुठं होता, गुरुजी?" त्याने ते लिहिलेले नाही.