जे. सी. कुमारप्पा यांची ख्रिस्ती जीवननिष्ठा आणि गांधीजींचे मार्गदर्शन : वर्धा येथील मगनवाडीच्या संदर्भात एक अभ्यास

प्रस्तावना

वर्धा जिल्ह्याचा आधुनिक इतिहास जमनालाल बजाज, महात्मा गांधी व विनोबा भावे यांच्या नावांभोवती लिहिला जातो. याच भूमीत एका ख्रिस्ती अर्थतज्ज्ञाला आपल्या धर्माचे प्रयोजन गवसले, ही बाब मात्र काहीशी दुर्लक्षित राहिली आहे. जोसेफ कॉर्नेलियस कुमारप्पा (१८९२–१९६०) यांचा उल्लेख बहुधा ग्रामोद्योगाचे भाष्यकार म्हणून होतो. त्यांच्या आर्थिक विचारामागे येशूच्या शिकवणुकीची बैठक होती व ती गांधीजींच्या सहवासात दृढ झाली, हे प्रस्तुत लेखात मांडण्याचा प्रयत्न केला आहे. मार्गदर्शक एका धर्माचा आणि शिष्य दुसऱ्या धर्माचा असताना शिष्याची स्वधर्मनिष्ठा क्षीण होते की प्रखर होते, हा या अभ्यासाचा मध्यवर्ती प्रश्न आहे.

पूर्वायुष्य

कुमारप्पांचा जन्म ४ जानेवारी १८९२ रोजी तंजावर येथे एका तमिळ ख्रिस्ती कुटुंबात झाला. वडील सरकारी नोकरीत होते. आई अत्यंत धर्मनिष्ठ होती. स्वतःच्या श्रमातून काही मिळवावे व ते गरजूंना द्यावे, असे वळण तिने मुलांना लहानपणीच लावले. कुमारप्पांनी लंडनमध्ये हिशेबतपासणीचे शिक्षण घेतले आणि १९१९ मध्ये परतल्यावर मुंबईत व्यवसायात जम बसवला. पुढे अमेरिकेत सिराक्यूज विद्यापीठाची पदवी घेऊन त्यांनी कोलंबिया विद्यापीठात सार्वजनिक अर्थव्यवहाराचा अभ्यास केला. ब्रिटिश करपद्धती आणि भारताचे दारिद्र्य यांचा संबंध त्यांनी तेथे शोधला. पाश्चात्त्य पोशाख, पाश्चात्त्य राहणी आणि रविवारची उपासना या चौकटीत वाढलेल्या या तरुणाला त्या अभ्यासाने अस्वस्थ केले. देशाची लूट दिसत असताना धर्म केवळ उपासनेपुरता ठेवायचा काय, हा प्रश्न त्यातूनच उभा राहिला.

गांधीभेट व कार्याची दिशा

आपला प्रबंध प्रसिद्ध करण्याच्या निमित्ताने ९ मे १९२९ रोजी कुमारप्पा साबरमती आश्रमात गांधीजींना भेटले. सारवलेल्या जमिनीवर बसून सूत कातणारा वृद्ध म्हणजेच गांधी हे त्यांना प्रथम उमगले नाही. त्या भेटीत गांधीजींनी ख्रिस्ती धर्माविषयी उपदेश केला नाही. खेडा जिल्ह्यातील मातर तालुक्याच्या आर्थिक पाहणीचे काम सुचवले. कुमारप्पांना गुजराती येत नव्हते. ही अडचण गुजरात विद्यापीठाचे अध्यापक व विद्यार्थी सोबत देऊन दूर करण्यात आली. मार्गदर्शनाची ही रीत पुढेही कायम राहिली. गांधीजी शिष्यापुढे सिद्धान्ताऐवजी काम ठेवीत आणि त्या कामातून निष्कर्ष काढण्याचे स्वातंत्र्य त्याला देत. याच सुमारास 'कॉर्नेलियस' हे कौटुंबिक आडनाव मागे पडून 'कुमारप्पा' हे पूर्वजांचे नाव पुढे आले. तथापि त्यांनी ख्रिस्ती श्रद्धा सोडली नाही.

चर्चशी मतभेद

१९३० च्या सविनय कायदेभंगाच्या काळात कुमारप्पांची खरी कसोटी लागली. गांधीजींच्या अटकेनंतर 'यंग इंडिया'च्या संपादनाची धुरा त्यांच्याकडे आली. अहिंसक लढा हा येशूच्या शिकवणुकीशी सुसंगत असल्याने ख्रिस्ती कार्यकर्त्यांनी व मिशनऱ्यांनी त्यास पाठिंबा द्यावा, असे आवाहन त्यांनी केले. भारतातील अँग्लिकन चर्चचे प्रमुख बिशप फॉस वेस्टकॉट यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात हा मतभेद स्पष्ट झाला. बिशपांना कायदेभंग मान्य नव्हता, तर अन्याय्य सत्तेशी असहकार करणे हेच कुमारप्पांना येशूच्या अनुयायाचे कर्तव्य वाटत होते. येथे त्यांनी गांधीजींचा आधार घेऊन बायबल दूर सारले नाही. उलट बायबलच्याच आधारे चर्चच्या भूमिकेला प्रश्न केला. या लेखनाची व चळवळीतील सहभागाची किंमत त्यांनी तुरुंगवास भोगून चुकती केली.

मगनवाडीतील साधना

१९३४ च्या डिसेंबरमध्ये वर्धा येथे अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली व कुमारप्पा त्याचे मंत्री झाले. संघासाठी जमनालाल बजाज यांनी आपली बाग दिली. मगनलाल गांधींच्या स्मरणार्थ तिला 'मगनवाडी' हे नाव मिळाले. सेगावला, म्हणजे पुढच्या सेवाग्रामला, १९३६ मध्ये जाण्यापूर्वी गांधीजी स्वतः येथेच राहत होते. तेलघाणी, हातकागद, मधमाशीपालन, हातसडीचा तांदूळ, गूळ, वनस्पती तेलावर जळणारा 'मगनदीप' आणि सुधारित चूल यांचे प्रयोग येथे झाले. बंधू डॉ. भारतन् कुमारप्पा यांचीही साथ लाभली. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालयाचे उद्घाटन झाले. वर्धा हे कापसाच्या व्यापाराचे केंद्र होते. कच्चा माल बाहेर जातो आणि गावाच्या हाताला काम उरत नाही, ही स्थिती कुमारप्पांना दररोज डोळ्यांसमोर दिसत होती.

हिशेबाच्या बाबतीत ते आपल्या गुरूचीही गय करीत नसत. १९३४ च्या बिहार भूकंपानंतर मदतनिधीचे हिशेब त्यांच्याकडे होते. गांधीजी व त्यांच्या सहकाऱ्यांचा खर्च या निधीतून करण्यास त्यांनी नकार दिल्याचे सांगितले जाते. या प्रसंगाने गांधीजींचा त्यांच्यावरील विश्वास वाढला. गुरु-शिष्य संबंधातील या मोकळेपणामुळेच कुमारप्पांचे व्यक्तिमत्त्व गांधीजींची प्रतिकृती बनले नाही.

कारावासातील लेखन

१९४२ च्या आंदोलनानंतरच्या कारावासात, जबलपूर येथे, कुमारप्पांनी दोन पुस्तके लिहिली. एक येशूचे आचरण व उपदेश यांवरील, तर दुसरे चिरस्थायी अर्थव्यवस्थेवरील. १९४५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या दोन्ही पुस्तकांना गांधीजींनी प्रस्तावना लिहिल्या. धर्मशास्त्र आणि अर्थशास्त्र ही दोन पुस्तके एकाच कोठडीत तयार व्हावीत, हा योगायोग नव्हे. दुसऱ्या पुस्तकात कुमारप्पांनी अर्थव्यवस्थेचे पाच स्तर कल्पिले आहेत. परोपजीवी व लुटारू अवस्थांपासून ते उद्यमशील आणि समूहनिष्ठ अवस्थांमधून सेवाप्रधान अवस्थेपर्यंत चढत जातात. मोबदल्याची अपेक्षा न ठेवता पिलांना भरवणारी पक्षीण हे सर्वोच्च स्तराचे उदाहरण. हा स्तर येशूच्या सेवामय जीवनाच्या अगदी निकट आहे. रोजच्या भाकरीची प्रार्थना ही त्यांच्या दृष्टीने केवळ याचना नव्हती. ती भाकरी कोणाच्या श्रमातून आली, कोणाच्या तोंडून हिरावली गेली, याचा विचारही त्या प्रार्थनेत अंतर्भूत होता. ग्रामोद्योग आणि धर्म या दोन्ही विषयांतील 'डॉक्टर' ही उपाधी गांधीजींनी त्यांना विनोदाने दिली. त्या विनोदात या दोन कार्यांच्या ऐक्याची पावती होती.

गांधीजींच्या पश्चात

गुरूच्या निधनानंतरही शिष्याची दिशा ढळली नाही. काँग्रेसच्या कृषी सुधारणा समितीचे अध्यक्षपद त्यांनी सांभाळले व समितीचा अहवाल १९४९ मध्ये सादर झाला. स्वतंत्र भारताच्या केंद्रित औद्योगिक धोरणावर त्यांनी परखड टीका केली. वर्धा जिल्ह्यातीलच सेलडोह येथे त्यांनी पन्नई आश्रमात शेतीचे प्रयोग केले. प्रकृती खालावल्यावर ते तमिळनाडूत गेले. ३० जानेवारी १९६० रोजी, गांधीजींच्या पुण्यतिथीच्याच दिवशी, मदुराई येथे त्यांचे निधन झाले.

समारोप

वरील विवेचनातून असे दिसते की, गांधीजींनी कुमारप्पांना नवा धर्म दिला नाही. मूळ धर्माला कार्यक्षेत्र मिळवून दिले. दानशीलतेचा संस्कार आईकडून आला होता व शोषणाचे ज्ञान विद्यापीठातून. या दोहोंना जोडणारे काम साबरमतीत सुचले आणि मगनवाडीत स्थिरावले. धर्मांतराची अपेक्षा न ठेवणारा मार्गदर्शक आणि अंधानुकरण न करणारा शिष्य, या दोन अटी पूर्ण झाल्यामुळेच हे घडू शकले. धर्माधर्मांतील संबंधांकडे संशयाने पाहिले जाण्याच्या काळात वर्ध्याच्या इतिहासातील हे उदाहरण पुन्हा अभ्यासले जाणे अगत्याचे आहे. सहवासाने श्रद्धा पातळ होतेच असे नाही. योग्य काम हाती आले तर ती अधिक खोल जाते, हेच कुमारप्पांच्या जीवनावरून सिद्ध होते.