लम्पी : गाठींची वाट बघू नका, ताप दिसताच जनावर वेगळं बांधा

लम्पी हा गाय-बैलांचा देवी गटातल्या विषाणूमुळे होणारा आजार. राज्यात तो २०२० मध्ये गडचिरोली जिल्ह्यात दिसला. २०२२ च्या ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यातून उठलेली साथ मात्र राज्यभर पसरली. म्हशींना तो कमी होतो, माणसांना होत नाही. दूध उकळून खुशाल प्या.

आधी ताप येतो. नाका-डोळ्यांतून पाणी गळतं, चारा सुटतो, दूध एकदम घटतं. मग दोन-तीन दिवसांत मान, पाठ, पाय आणि कासेवर २ ते ५ सेंटिमीटरच्या घट्ट गाठी येतात. गाठी दिसेपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो.

हा विषाणू मुख्यतः डास, चावणाऱ्या माश्या आणि गोचीड यांच्यामार्फत फिरतो. त्यामुळे त्याच गोठ्यात दुसऱ्या टोकाला बांधून भागत नाही, माशी काही दावं बघत नाही. जनावर लांब, वेगळ्या छपरात बांधा. चारा-पाण्याची भांडीही वेगळी. वासरू आजारी गाईला पाजू नका, त्याला दुसरं दूध द्या. शेणाचा ढीग गोठ्यापासून दूर न्या, सांडपाणी साचू देऊ नका, संध्याकाळी कडुनिंबाच्या पाल्याचा धूर करा. गोचिडाचं औषध विषारी असतं, डॉक्टरांना विचारूनच फवारा.

लसीबद्दल पारावर हमखास एक प्रश्न येतो : शेळीची लस गाईला कशी चालेल? चालते. शेळ्यांच्या देवीचा विषाणू लम्पीचा जवळचा भाऊबंद आहे, म्हणून तीच लस दिली गेली. पण ती फक्त निरोगी जनावरालाच द्यायची, प्रत्येकाला नवी सुई वापरून. अंगात ताकद यायला साधारण २१ दिवस लागतात, म्हणजे शेजारच्या गावात साथ यायच्या आधीच लस झालेली बरी. तेवढे दिवस नवीन जनावर दावणीला आणू नका.

चार पैसे सुटतील म्हणून आजारी बैल बाजारात नेणारे प्रत्येक साथीत भेटतात. त्या एका टेम्पोने पाच गावांत रोग जातो. आजार लपवणंही चूक, २००९ च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे तो कळवणं मालकावर बंधनकारक आहे. शिवाय तोटा आपलाच : २०२२ च्या साथीत सरकारने दगावलेल्या दुभत्या गाईमागे ३० हजार, बैलामागे २५ हजार, वासरामागे १६ हजार रुपये दिले, पण पंचनामा झाला असेल तरच. जनावर दगावलं तर आधी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा, मग किमान ८ फूट खड्ड्यात चुना टाकून पुरा. ओढ्यात टाकू नका. फिरत्या दवाखान्यासाठी १९६२ हा मोफत नंबर आहे.