मंदीत आलेले पाहुणे

दलाल स्ट्रीटवर मंदी म्हणजे भाव पडणं. घरात मंदी म्हणजे पगार अर्धा होणं. हौशी माणूस शेअरबाजारात यायचा तो तेजीत. दोन्ही मंद्या एकदम अंगावर आल्या की तो पळायचा. हा मुंबईचा दीडशे वर्षांचा रिवाज 2020 साली मोडला.

रिवाजाची सुरुवात कापसाने झाली. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, लँकेशायरच्या गिरण्यांना तिथला कापूस मिळेना, आणि आपल्याकडच्या कापसाचं सोनं झालं. त्या पैशावर मुंबईत बँका आणि समुद्रात भराव घालणाऱ्या कंपन्या उगवल्या. बॅकबे कंपनीचा 5 हजारांचा शेअर 50 हजारांवर गेला. नाव गाजलं दलाल प्रेमचंद रायचंदांचं, पण बाजार काही एकट्यादुकट्या शेटजीच्या जोरावर फुगत नाही. शेअरचं वेड साऱ्या शहरालाच लागलं होतं. एप्रिल 1865 मध्ये युद्ध थांबलं आणि कापूस गडगडला. वायद्यांचे सौदे पुरे करायचा दिवस 1 जुलै, आणि पैसे कोणाकडेच नव्हते. बँक ऑफ बॉम्बेचा 2,850 रुपयांवर गेलेला शेअर 87 ला आला. प्रेमचंदांच्या देणगीतून झालेला राजाबाई टॉवर आजही उभा आहे. बुडालेल्या हौशांच्या नावाची पाटी मात्र कुठे नाही.

1875 साली दलालांनी आपली संघटना बांधली: 318 सभासद, प्रवेश फी 1 रुपया. पुढची शंभर वर्षं दलालाशिवाय या बाजाराचं पान हलत नव्हतं. मराठी पांढरपेशाला त्याची खंत नव्हती म्हणा. शेअर म्हणजे जुगार, हे घराघरात ठरलेलं. पोस्ट, विमा आणि फार तर युनिट ट्रस्ट. 1973 च्या फेरा कायद्यामुळे परदेशी कंपन्यांना आपले शेअर भारतीयांना विकावे लागले, 1977 मध्ये रिलायन्सचा इश्यू आला, आणि मग हेच लोक अर्ज भरायला रांगेत दिसू लागले. 1992 च्या हर्षद मेहता शेअर घोटाळ्यात पोळले आणि गेले. जानेवारी 2008 मध्ये सेन्सेक्स 21 हजारांवर असताना पुन्हा आले. ऑक्टोबरात तो 8 हजारांखाली उतरला, पुन्हा गेले.

दरम्यान दार मात्र रुंद होत होतं. 1996 च्या डिपॉझिटरी कायद्याने कागदी शेअर संपत गेले, ते डिमॅट खात्यात जमा होऊ लागले. सही जुळत नाही म्हणून ट्रान्सफर डीड परत येण्याचा छळ थांबला. पुढे स्वस्त दलाली आली, आधारवर घरबसल्या खातं उघडायची सोय आली, मोबाइल आला.

23 मार्च 2020 ला सेन्सेक्स एका दिवसात 3,934 अंकांनी कोसळला. दुसऱ्या दिवशी टाळेबंदी जाहीर झाली. एप्रिल ते जून या तिमाहीत देशाचं उत्पन्न जवळजवळ चोवीस टक्क्यांनी आकसलं. नेहमीच्या हिशेबाने हौशाने पळायला हवं होतं; पण पळून जाणार कुठे? घरात कोंडलेला, एफडीचं व्याज घटलेलं, हातात फोन. मार्च 2020 मध्ये सुमारे 4 कोटी असलेली डिमॅट खाती वर्षभरात साडेपाच कोटींच्या घरात गेली. आणि जानेवारी 2021 मध्ये सेन्सेक्सने 50 हजारांना हात लावला.

माझ्या मते या नशिबानेच त्याचं नुकसान केलं. आधीच्या पिढ्यांना बाजाराने पहिल्या धड्यातच रडवलं होतं; याला पहिल्याच धड्यात पैकीच्या पैकी गुण मिळाले. मग शेअर घेऊन ठेवणं मिळमिळीत वाटू लागलं आणि तो कॉल-पुट ऑप्शनकडे, आठवड्याच्या एक्स्पायरीकडे वळला. मुदतीचा सौदा, थोडी रक्कम आणि मोठी उडी: 1865 चाच खेळ, फक्त मुदत एका आठवड्यापुरती.

बाजाराची नियामक संस्था सेबीने हिशेब मांडला तेव्हा 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत वायदे-ऑप्शनमध्ये उतरलेल्या व्यक्तींपैकी 93 टक्के तोट्यात निघाल्या. एकूण तोटा 1.8 लाख कोटींहून जास्त. मग नोव्हेंबर 2024 पासून निर्देशांकावरच्या वायदे-ऑप्शनच्या एका कराराचं किमान मूल्य 5 लाखांवरून 15 लाख रुपये करण्यात आलं.