वॉरंटच्या पाठीवरची सही
इंग्लंडमधल्या जस्टिस ऑफ द पीसचं, म्हणजे स्थानिक दंडाधिकाऱ्याचं, अटक वॉरंट शतकानुशतकं त्याच्या परगण्याच्या वेशीपाशी संपत असे. आरोपीनं हद्द ओलांडली, की तिथल्या जस्टिससमोर मूळ सही खरी असल्याचं शपथेवर पटवायचं, कागदाच्या पाठीवर त्याची सही घ्यायची, मगच अटक. तेवढ्यात गुन्हेगार निसटे, हा आक्षेप रास्तच. पण ही निव्वळ अडवणूक नव्हती. तार-टेलिफोन नसताना परक्या माणसाच्या हातातला कागद बनावट नाही, याची खात्री दुसरं कोण देणार? शिवाय किंग्ज बेंच या वरिष्ठ न्यायालयाच्या सरन्यायाधीशाचं वॉरंट देशभर चालेच. १९२५च्या कायद्यानं इंग्लंड-वेल्समधली ही अट उठली. भारतात मात्र हद्दीबाहेर वॉरंट बजावणाऱ्या पोलिसानं सहसा स्थानिक दंडाधिकाऱ्याचा किंवा ठाणे अंमलदाराचा शेरा घ्यावा, ही तरतूद २०२३च्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही कायम आहे.